कडक पोलादाची करवती चिप: पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत हार्डनिंग होऊन, म्हणजे तापवून कडक होऊन आलेला ६० एचआरसीचा (रॉकवेल मापातला कडकपणा) ईएन ३१ या बेअरिंग स्टीलचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर थेट टर्न होताना दिसला, तर आता कुणी वळून बघत नाही. कूलंट (थंड ठेवणारं द्रव) बंद असतो आणि टिपेजवळून, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाजवळून, लालसर तापलेली चिप (मालाची कापली जाणारी साल) सुटत असते. जुन्या टर्नरना हा प्रकार, म्हणजे हार्ड टर्निंग, टूल जाळायचा धंदा वाटला असता. त्यांचा क्रम ठरलेला होता: नरम असताना टर्निंग, मग हार्डनिंग, टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करणं) आणि शेवटी ग्राइंडिंग (घासून माप देणं). हा क्रम पोलादाने लादलेला नव्हता, टूलच्या कुवतीने लादला होता.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. शहरातल्या मराठी आणि गुजराती घरांतली मुलं तिथे यंत्रविद्या शिकू लागली, तेव्हा लेथचं टूल कार्बन स्टीलचंच असायचं. ते २०० ते २५० अंशांच्या पुढे तापलं की पाणी उतरायचं, म्हणजे कडकपणा जायचा. म्हणजे टूल आणि कडक केलेला जॉब जवळपास एकाच मालाचे. मग कोण कुणाला कापणार? विसावं शतक उजाडता उजाडता अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी हायस्पीड स्टील आणलं. त्याची धार साधारण ६०० अंशांपर्यंत टिकली. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९२६-२७ च्या सुमारास ‘विडिया’ या नावाने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं आणि वेग आणखी वाढला. तरीही ६० एचआरसीच्या जॉबपुढे साध्या कार्बाइडची धार फार वेळ तग धरत नाही.

हिरा सगळ्यात कठीण, पण पोलादावर त्याचा उपयोग नाही. हिरा म्हणजे कार्बन आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. कोंडी फुटली ती १९५७ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन घनाकार स्फटिकाचं बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन तयार केलं. कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखाल, पण लोखंडाशी त्याची फारशी प्रतिक्रिया होत नाही आणि १००० अंशांच्या आसपासही ते नरम पडत नाही. १९६९ मध्ये ‘बोराझोन’ नावाने ते बाजारात आलं, आधी ग्राइंडिंग व्हीलसाठी. टर्निंगच्या टिपा त्यानंतर आल्या.

माझ्या मते या इतिहासातला खरा बदल इथे आहे. आधीच्या प्रत्येक टूलची उष्णतेशी लढाई होती, सीबीएन मात्र उष्णतेला कामाला लावतं. टिपेपुढचा चिमूटभर माल क्षणभर इतका तापतो की त्याचा कडकपणा ढासळतो, टिपेचा टिकून राहतो. कोरडं कापणं परवडतं ते यामुळेच. धारेला मुद्दाम उतार मारून ती बोथट ठेवतात आणि रेक, म्हणजे चिप ज्यावरून सरकते त्या तोंडाचा कोन, निगेटिव्ह असतो, कारण तीक्ष्ण धार इथे तुटते. कट जेमतेम ०.१ ते ०.३ मिमी, म्हणजे सगळं कापणं टिपेच्या गोलाईतच उरकतं. अशा वेळी जॉबपासून टूलला मागे ढकलणारं बल मुख्य कटिंग बलापेक्षाही जास्त भरतं. स्लाइडमध्ये ढिलाई असलेल्या लेथवर कितीही महाग टिप लावा, साइज मिळत नाही. हार्ड टर्निंग पसरलं त्याचं निम्मं श्रेय मी मजबूत सीएनसी मशिनांना देईन.

चिपेचं शास्त्र मात्र नरम पोलादावर वाढलं होतं. फिनलंडच्या पिस्पानेन यांनी १९३७ मध्ये चिप म्हणजे एकावर एक सरकणारे पत्ते, असं चित्र मांडलं. १९३८ मध्ये अर्न्स्ट यांनी चिपेचे तीन प्रकार सांगितले: तुकड्यांची, अखंड आणि धारेवर माल चिकटून येणारी. मर्चंट यांचं कापण्याच्या बलांचं गणित १९४० च्या दशकातलं, तेही अखंड चिपेचं. कडक पोलादाची चिप या तिन्हींत नीट बसेना. साधारण ५० एचआरसीच्या पुढे ती एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखी दातेरी होते. तुटत नाही, पण अखंडही म्हणवत नाही. वेग मिनिटाला १२० मीटर, म्हणजे सेकंदाला २ मीटर धरा. एका दात्यामागे ०.१ मिमी कापलं जात असेल, तर सेकंदाला २०,००० दाते होतात. डोळ्याला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. चालू कटमधून टूल झटक्यात मागे खेचायचं आणि अर्धवट चिप मायक्रोस्कोपखाली धरायची, एवढाच मार्ग होता.

दाते का पडतात, यावर दोन तट पडले. १९६४ मध्ये रेक्ट यांनी सांगितलं की विकृतीची, म्हणजे माल दबून-सरकून आकार बदलताना होणारी, उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग एका अरुंद पट्ट्यात माल नरम पडतो आणि पुढचं सगळं सरकणं त्याच पट्ट्यात होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रंगा कोमांदुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाजू पुढे नेली. जपानचे नाकायामा आणि नंतर मिल्टन शॉ यांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते आधी जॉबच्या मोकळ्या पृष्ठभागावर तडा जातो, तो टिपेकडे उतरतो आणि त्या तड्यावरून मालाचा ठोकळा वर सरकतो. टिपेजवळ दाब एवढा असतो की तडा तिथे पोचण्याआधीच थांबतो, म्हणून चिप सलग राहते.

मला ६० एचआरसीच्या बेअरिंग स्टीलसाठी तड्याची बाजू जास्त पटते, कारण एवढा कडक माल पृष्ठभागावर ताण सोसत नाही. पण हीच गोष्ट टायटॅनियमला लावायला गेलो तर जमत नाही. तिथे कडकपणा बराच कमी असूनही दाते पडतात आणि त्याचं उत्तर उष्णतेच्या बाजूकडे आहे.

या वादात सापडलेली एक गोष्ट शॉपफ्लोअरवरही महत्त्वाची ठरली. चिपेच्या पट्ट्यांत दिसणारा, अॅसिडने न खाल्ला जाणारा पांढरा थर जॉबच्या पृष्ठभागावरही सापडतो, विशेषतः टिप घासली गेल्यावर. काही मायक्रॉनचा हा थर कडक आणि ठिसूळ असतो. मापात जॉब पास होतो, पण हा थर मायक्रोमीटरला कळत नाही. म्हणून बेअरिंगच्या रेसवेवर (गोळ्या धावतात त्या खाचेवर) टिप बदलायची वेळ साइज बिघडण्याच्या आधीची ठरवतात, आणि हार्ड टर्निंगनंतर सुपरफिनिशिंगचा (पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत करण्याचा) हात सहसा फिरतोच.