रद्दीच्या कुंडीची भिंत

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की कोल्हापुरात परसदारी दोडका, कारली, काकडी लावायची लगबग सुरू होते. या वेलवर्गीय पिकांची मुळे फार नाजूक असतात. वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावलेले रोप बहुधा माना टाकते. म्हणून मेच्या मध्यास बी छोट्या कुंडीत रुजवावे आणि मृगाच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांचे रोप कुंडीसकट जमिनीत ठेवावे. त्यासाठी घरातली रद्दी पुरते.

वर्तमानपत्राच्या पानाची दुहेरी पट्टी करून ती स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळावी, बुडाखाली दोन-तीन बोटे कागद राहू द्यावा, तो चहूबाजूंनी आत दुमडून पेला फरशीवर दाबावा आणि हळूच वर ओढून घ्यावा. डिंक लागत नाही. आत भरलेल्या ओलसर मातीच्या दाबानेच घडी बसते. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांच्यावरील लेपामुळे पाणी नीट झिरपत नाही.

या कुंडीचे खरे सामर्थ्य तिच्या भिंतीत आहे. प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळाचे टोक भिंतीला आपटून वळते आणि गोल गोल फिरत राहते. असे वेटोळे जमिनीत गेल्यावरही सहजी सुटत नाही. ओल्या कागदातून मात्र टोक बाहेर डोकावते, हवा लागून सुकते आणि त्याच्या मागे नवी उपमुळे फुटतात. यासाठी कुंड्यांमध्ये बोटभर अंतर हवे, नाहीतर एका रोपाची मुळे शेजारच्या कुंडीत शिरतात.

कागद कुजताना एक अडचण येते, आणि ती आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला सांगावी लागणार नाही. शेतात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, कुजवताना त्यावर युरिया टाकतात, कारण पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी थोडे असल्यामुळे ते कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारे नत्र मातीतून उचलतात. कागदही मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे कार्बनयुक्त वनस्पतितंतूच असल्याने कुंडीत हाच व्यवहार लहान प्रमाणावर घडू शकतो आणि रोप पिवळे पडते. मातीत चांगले कुजलेले गांडूळखत मिसळले की ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

नारळाची करवंटी याच्या अगदी उलट. तिच्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा घटक, भरपूर असल्यामुळे ती वर्षानुवर्षे कुजत नाही. रोप तिच्यातून काढूनच लावावे लागते, त्यामुळे ती मिरची-टोमॅटोसाठी बरी. डोळ्यांकडची अर्धी करवंटी निवडावी. तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, आणि नारळाचा स्वतःचा कोंबही त्यातूनच बाहेर येतो. तिथे खिळा सहज घुसतो आणि पाणी निथळायला जागा होते. चहाचे कागदी कप मात्र फसवे आहेत: त्यांच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते रोपासकट पुरू नयेत.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. केशाकर्षणामुळे, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात त्यामुळे, प्रत्येक कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो, आणि कुंडी जितकी उथळ तितका तो थर मुळांच्या अधिक जवळ येतो. जूनच्या दमट हवेत अशा चिकट ओलीत पिथियमसारखी बुरशीसदृश सूक्ष्मजीवसृष्टी फोफावते. रोपाचा देठ मातीलगत सुतासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. पेल्याएवढी उंच कुंडी त्यामानाने सुरक्षित.

लावणीच्या वेळी कागदाचा मातीच्या वर आलेला काठ फाडून टाकावा. तो तसाच राहिला, तर समईची वात जसे तेल वर ओढते तसा तो मुळांजवळचे पाणी ओढून हवेत सोडतो, आणि पावसाने आठवडाभर ओढ दिली की सभोवतालची माती ओली असूनही रोप कोमेजते. मग बुडाची घडी अलगद उलगडावी, कुंडी खड्ड्यात ठेवावी आणि कागद पूर्ण झाकेल इतकी माती वर ओढून घ्यावी.