तीन पानांत सिक्वेन्स मोठी, पाच पानांत कलर

गौरी-गणपतीच्या जागरणाला सावंतवाडीजवळच्या आमच्या आजोळी पडवीत पत्ते बसतात. पैशांऐवजी चिंचोके लावायचे, ही आजीच्या वेळची रीत. यंदा रात्री दीडच्या सुमाराला तीन पत्तीचा डाव अडला. मामांनी इस्पिक पंजी, बदाम छक्की आणि किलवर सत्ती खाली ठेवली, म्हणजे सिक्वेन्स: लागोपाठची पानं. मामेभावाने चौकटची तीन पानं, म्हणजे कलर (सगळी एकाच रंगाची), दाखवली आणि चिंचोके ओढायला हात घातला.

"मेल्या, तीन पानांत कलर कधी मोठो झालो?"

"बाबानू, पोकरात कलरच मोठो!"

तो नुकताच पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जाऊन पोकर बघून आला होता. नेहमीच्या पोकरात हात पाच पानांचा धरतात, तीन पत्तीत तीन पानांचा. म्हणून त्याचं ऐकलेलं खरं होतं आणि मामांचंही. मला तो वाद इतका आवडला, की कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे मी मोजायलाच बसलो.

पोकर असो वा तीन पत्ती, साधारण नियम एकच: जो हात, म्हणजे पानांचा संच, क्वचित येतो, तो मोठा. 52 पत्त्यांच्या कॅटातून तीन पानं 22,100 प्रकारे येतात. एका रंगाच्या 13 पानांतून तीन निवडायचे 286 प्रकार, रंग चार, म्हणजे 1,144. आता ओळी, म्हणजे सिक्वेन्स, पाहा. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत 12 ओळी, प्रत्येक पान चारांपैकी कुठल्याही रंगाचं, म्हणून 12 गुणिले 64, एकूण 768. दोन्हींत मोडणाऱ्या 48 प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाच्या ओळी) वजा केल्या, की कलर उरतात 1,096 आणि सिक्वेन्स 720. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठी. चिंचोके मामांचे.

आता पाच पानं घ्या. रंगाच्या 13 पानांतून पाच निवडायचे प्रकार 1,287 होतात, साडेचार पट. ओळीत मात्र वाढलेलं प्रत्येक पान चार रंगांपैकी कुठलंही चालतं, त्यामुळे ओळी 768 वरून 10,240 वर जातात, तेरा पटींहून जास्त. शेवटी कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200. पारडं फिरलं.

कॅसिनोतला 'थ्री कार्ड पोकर' आपल्या तीन पत्तीचा जवळचा नातलग आहे. डेरेक वेब यांनी तो 1994 मध्ये तयार केला. इथे खेळ बाकीच्या गड्यांशी नसतो, फक्त पानं वाटणाऱ्या डीलरशी असतो. आधी 'अँटी', म्हणजे पहिली रक्कम, लावायची, तीन पानं बघायची, मग पानं टाकायची किंवा तेवढीच रक्कम पुन्हा लावायची. डीलरचा हात निदान राणीइतका मोठा नसेल, तर त्याचा हात धरलाच जात नाही: अँटीवर तेवढेच पैसे मिळतात, दुसरी रक्कम जशीच्या तशी परत येते. असं साधारण 30 टक्के वेळा होतं. राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वरचा हात असेल तरच पुढे जावं, असं गणित सांगतं. तसं अचूक खेळूनही नेहमीच्या बक्षीस-तक्त्यात अँटीच्या 100 रुपयांमागे सरासरी तीन रुपयांच्या वर कॅसिनोकडे राहतात. घरून शिकून गेलेल्याने आणखी एक ध्यानात ठेवावं: आपण ट्रेल (एकाच आकड्याची तीन पानं) सगळ्यांत मोठी मानतो, पण ट्रेल 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे. थ्री कार्ड पोकरमध्ये म्हणूनच प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर आहे. इथे मला कॅसिनोचा क्रम जास्त पटतो.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मध्ये पाच सामाईक: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून उत्तम पाच निवडायची. यात एक गंमत आहे. सात पानांत निदान एक जोडी लागणं इतकं सोपं होतं, की काहीच न लागण्याची वेळ फक्त 17 टक्के येते आणि नुसती एक जोडी जवळजवळ 44 टक्के. तरी जोडीच मोठी, कारण क्रमवारी पाच पानांवरून ठरलेली. ओमाहा या दुसऱ्या प्रकारात हातात चार पानं, पण त्यांतली नेमकी दोनच वापरायची. मध्ये चार बदाम पडले आणि हातात एकच बदाम असेल, तर कलर होत नाही. नवशिके इथेच फसतात.

शॉर्ट डेक म्हणून होल्डेमचा आणखी एक प्रकार आहे. त्यात दुर्रीपासून पंजीपर्यंतची पानं काढून 36 पत्त्यांवर खेळतात. प्रत्येक रंगाची नऊच पानं उरल्याने पाच पानांत कलर 480 प्रकारे येतो आणि फुल हाउस (एकाच आकड्याची तीन पानं आणि एक जोडी) 1,728 प्रकारे. पूर्ण कॅटात फुल हाउस मोठा, तर इथे कलर त्याच्या वर बसतो.

पहाटे चहा घेताना मामेभावाने विचारलं, "मग तीन पानांत कलर मोठो असो कॅटच नाय?" सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घरात शोकेसमध्ये होतीच. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, एकूण 120. गंजिफाचा खरा खेळ वेगळा आहे, पण या पानांवर तीन पत्ती खेळलो असं धरून पुन्हा पेन्सिल घेतली. ओळी दहा, प्रत्येक पानाला दहा रंगांची मुभा: प्युअर सोडून 9,900. कलर 2,100.

त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी मूठभर चिंचोके त्याच्यापुढे सरकवले.