वजनकाटा हलत नाही तेव्हा

जिममध्ये नवीन नाव घातलेल्या माणसाची पहिली मोठी परीक्षा जिममध्ये होतच नाही. ती होते इमारतीच्या जिन्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी. सोमवारी उत्साहाने स्क्वॉट्स आणि लंजेस मारलेले असतात. मंगळवारी मांड्या जड वाटतात. बुधवारी पाय असे भरून येतात की कठडा धरल्याशिवाय पायरी उतरता येत नाही. त्या दिवशी जिम बुडते, दुसऱ्या दिवशी ‘अजून दुखतंय’ म्हणून बुडते आणि पुढचा सोमवार उजाडेपर्यंत ‘हे आपल्याला झेपणारं नाही’ असा निकालही लागलेला असतो.

हा निकाल चुकीच्या पुराव्यावर लागतो, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या काही आठवड्यांत शरीरात पुष्कळ चांगलं घडत असतं, पण ते आरशात दिसत नाही, वजनकाट्यावर कळत नाही आणि अंगदुखीवरून तर अजिबात ओळखता येत नाही. ते कुठे शोधायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा हुरूप टिकतो.

आधी त्या जिन्याचं पाहू. चढण्यापेक्षा उतरताना जास्त का दुखतं? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू भार पेलता पेलता लांब होत जातो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. स्क्वॉटमध्ये खाली जाताना हेच होतं. स्नायूचे बारीक तंतू सार्कोमिअर नावाच्या एकापुढे एक जोडलेल्या एककांनी बनलेले असतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, इतकी कमी. भार पेलत लांब होताना त्यातली कमकुवत एककं प्रमाणाबाहेर ताणली जातात आणि काहींची रचना विस्कटते. मग दुरुस्ती सुरू होते, थोडी सूज येते, तिथल्या वेदनेच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं लगेच न येता २४ ते ७२ तासांत टिपेला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे अंग दुखतं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (शरीरात हे ॲसिड याच रूपात असतं) साधारण तासाभरात रक्तातून कमी होतं, बुधवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. स्नायूच्या आत काहीतरी फाटत असावं, असं अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडलं होतं.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तोच व्यायाम आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा केला, तर दुखणं पहिल्यापेक्षा बरंच कमी असतं. एकाच सत्राने स्नायूला मिळालेलं हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे इतकं दुखणं सहसा एकदाच सोसावं लागतं, आणि नेमकं ते सोसून झाल्यावर लोक जिम सोडतात! नाव घालतानाच ही माहिती प्रत्येकाच्या हातात द्यायला हवी. सोबत एक इशाराही द्यायला हवा: दुखणं असह्य असेल, हात-पाय सुजले असतील आणि लघवीचा रंग कोलासारखा गडद झाला असेल, तर ते नेहमीचं अंग भरून येणं नाही. स्नायूंची मोठी मोडतोड होऊन किडनीला धोका होऊ शकतो, तेव्हा तडक रुग्णालय गाठावं.

आता ट्रेनरमंडळींविषयी. नवख्याला पहिल्याच दिवशी पार दमवून घरी पाठवायचं, म्हणजे त्याला ‘पैसे वसूल’ झाल्यासारखं वाटतं, अशी एक रीत बऱ्याच जिममध्ये पडली आहे. ती मला मनापासून खटकते. तालमीत जोर-बैठकांचा आकडा हळूहळू चढवत नेण्याचा जो शहाणपणा होता, त्याच्या हे अगदी उलट आहे. व्यायाम करताना माणसाला बरं वाटतं की वाईट, याचा पँटेलिमॉन एक्केकाकिस या संशोधकाने अनेक वर्षं अभ्यास केला. व्यायामाची तीव्रता एका उंबरठ्याच्या आत असते, तोवर बहुतेकांना बरं वाटतं. तो ओलांडला की श्वास झपाट्याने वाढतो, रक्तात लॅक्टेट साचू लागतं आणि जवळजवळ सगळ्यांनाच वाईट वाटू लागतं. सरावलेल्या धावपटूचा उंबरठा चांगल्या वेगाने पळताना येतो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाचा तो भरभर चालतानाच येऊ शकतो. शेजारच्या ट्रेडमिलवर कोणी आरामात पळत असेल आणि तुम्हाला चालतानाच धाप लागत असेल, तर तुम्ही दोघं एकाच मशिनवर असलात तरी एकच व्यायाम करत नाही. व्यायाम करताना ज्यांना बरं वाटतं, ते पुढे तो चालू ठेवण्याची शक्यता जास्त असते, असंही या विषयातले अभ्यास सांगतात. उंबरठा ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर तुम्ही आत आहात. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करा. पहिले काही आठवडे वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवला, तर काहीही बिघडत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

मग या काळात नेमकं काय सुधारतं?

सगळ्यात आधी सुधारतो मेंदूचा आणि स्नायूंचा संवाद. १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्ह्रीज या संशोधकांनी वजन उचलण्याच्या सरावात स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजली. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होती, स्नायूचा आकार वाढण्याचा वाटा नंतर मोठा होत गेला. सरावाने मेंदू जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो आणि विरुद्ध बाजूचे स्नायू उगाच आखडून आड येत नाहीत. म्हणूनच पहिल्या आठवड्यात थरथरत उचललेलं पाच किलोचं डंबेल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सहज उचललं जातं. दंड मात्र तेवढाच दिसतो. आरशापुढे उभं राहून ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्याची ताकद खरोखर वाढलेली असते.

नियमित चालण्या-सायकलिंगने रक्तातल्या द्रवाचं प्रमाण तर काही दिवसांतच वाढू लागतं. हृदयाच्या एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं, त्यामुळे तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. साखरेचा हिशेब त्याहून लवकर बदलतो. आखडणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेऊ शकतो, आणि एका सत्रानंतरही पुढचे एक-दोन दिवस इन्शुलिनचं काम अधिक चांगलं चालतं. म्हणजे हा फायदा मिळायला सहा महिने वाट पाहावी लागत नाही, पहिल्याच दिवशी तो पदरात पडतो.

वजनकाटा यातलं काहीच सांगत नाही, उलट फसवतो. व्यायाम सुरू केल्यावर स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात जास्त साखर साठवतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. त्यात रक्तातला द्रव वाढलेला, दुखऱ्या स्नायूंना सूज. महिनाभर घाम गाळूनही काटा जागचा हलला नाही, किंवा अर्धा किलो पुढेच सरकला, तर त्यात नवल नाही.

आपल्यासाठी तर वजन हे माप मुळातच अपुरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही अनेक भारतीयांची शरीरठेवण याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणली. अशा माणसाने फक्त वजन घटवण्याच्या मागे लागून स्नायूंकडे दुर्लक्ष करणं म्हणजे मूळ दुखण्याला हातच न लावणं. त्याला वजनं उचलायलाच हवीत, आणि ‘मी तर बारीकच आहे, मला जिम कशाला’ हे म्हणणं त्याने सोडून द्यायला हवं.

तेव्हा काट्यावर रोज चढण्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. आज कुठलं वजन किती वेळा उचललं, हे लिहावं. आठवड्यातून एकदा ट्रेडमिलवर त्याच वेगाने, तेवढाच चढ ठेवून दहा मिनिटं चालावं, थांबल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजावी आणि चारने गुणून आकडा मांडावा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजावी. काही आठवड्यांत पहिला आकडा उतरू लागतो आणि दोन आकड्यांमधलं अंतर वाढू लागतं. हुरूप टिकवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही, कारण ती कोणाच्या कौतुकावर अवलंबून नाही.

लाजेचं काय? सुटलेलं पोट आणि लागलेली धाप घेऊन सगळ्यांसमोर उभं राहणं अनेकांना, विशेषतः बायकांना, अवघड जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांचं तरी लक्ष गेलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते ध्यानात आलं. शिवाय २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात होतं. धापा टाकणारा नवखा माणूस अपवाद नाही, आपल्याकडे तोच नियम आहे.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे ऐकून अनेकजण बाविसाव्या दिवशी निराश होतात. या आकड्याचा उगम बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. व्यायामाशी त्याचा काही संबंध नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस आला, पण नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर जमल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही.

हा शेवटचा मुद्दा एका मोठ्या प्रयोगाशी छान जुळतो. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांनी जिमला जास्त वेळा यावं म्हणून चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना एकाच वेळी तपासल्या गेल्या. सर्वात प्रभावी ठरली ती खाड्यानंतर परत येणाऱ्याला किरकोळ बक्षिसाचे गुण देणारी योजना. गुणांची किंमत होती अवघी नऊ सेंट, आणि तेवढ्यावर आठवड्याच्या फेऱ्या २७ टक्क्यांनी वाढल्या. योजना संपल्यावर मात्र बहुतेकांचा परिणाम ओसरला. यातून मला उचलण्यासारखी वाटते ती बक्षिसाची जागा: सलग येणाऱ्याला शाबासकी देण्यापेक्षा खाड्यानंतर परत येणाऱ्याला ती देणं.

खाडे तर पडणारच. गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलाची परीक्षा, आठवडाभराचा ताप. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी जात नाही, दम मात्र लवकर कमी होतो, म्हणून परतल्यावर ट्रेडमिलवर आपण पुन्हा शून्यावर आल्यासारखं वाटतं. खंड लांबला असेल, तर दुखण्यापासूनचं संरक्षणही विरळ झालेलं असतं. म्हणून परतीच्या पहिल्या दिवशी जुन्या वजनाच्या निम्म्याने, एकच सेट (सलग उचलण्याची एक फेरी) करावा, चालण्याचा वेग बोलता येईल इतकाच ठेवावा आणि घरी जावं. पुढचं सत्र एक दिवस सोडून, ठरलेल्या वेळीच.