संत दुइनवेन दिन

वेल्समध्ये दरवर्षी २५ जानेवारीला साजरा होणारा प्रेमिकांचा सण. वेल्श भाषेत त्याला ‘दीद सान्तेस दुइनवेन’ म्हणतात. ‘दीद’ म्हणजे दिवस आणि ‘सान्तेस’ म्हणजे स्त्री-संत. इसवी सनाच्या पाचव्या शतकात होऊन गेलेली दुइनवेन ही वेल्श परंपरेत प्रेमिकांची कैवारी मानली जाते. या दिवशी सरकारी सुट्टी नसते. पण माणसे एकमेकांना शुभेच्छापत्रे आणि फुले देतात, सोबत जेवायला जातात, आणि कोणी लाकडात कोरलेला चमचा भेट देतो. १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनाच्या जेमतेम तीन आठवडे आधी येत असल्याने हा सण म्हणजे त्याचीच वेल्श आवृत्ती असावी, असे बाहेरच्यांना वाटते. तसे मानल्यास या सणाचा गाभाच हातून निसटतो. जिला प्रेमात सुख लाभले नाही आणि जिने कधीही लग्न न करण्याचे वरदान मागून घेतले, अशी एक बाई या सणाच्या मुळाशी आहे. आणि तिच्या कथेत प्रेम जुळण्याइतकेच प्रेमाच्या दुखण्यातून बरे होण्यालाही स्थान आहे.

दुइनवेनविषयी तिच्या काळातला एकही लेखी पुरावा उपलब्ध नाही. मध्ययुगीन वंशावळींत तिचा उल्लेख ब्रखान या राजाची मुलगी म्हणून येतो. आजच्या मध्य व दक्षिण वेल्समधील ब्रेकन नावाच्या डोंगराळ मुलखावर त्याचे राज्य होते, आणि त्याच्याच नावावरून त्या राज्याला ब्रखैन्योग हे नाव पडले. ब्रखानच्या मुलांची संख्या निरनिराळ्या याद्यांत निरनिराळी दिली असली, तरी त्याला चोवीस मुली होत्या असे परंपरेने सांगितले जाते. यांपैकी बरीच मुले संत म्हणून ओळखली गेली. वेल्समधील या सुरुवातीच्या संतांना रोमहून संतपद मिळालेले नव्हते. एखाद्या जागी कुंपण घालून, तिथे राहून ज्यांनी प्रार्थनास्थळ उभारले, त्यांना लोकांनीच संत म्हटले. अशा जागेला वेल्शमध्ये ‘लान’ म्हणतात आणि वेल्समधील असंख्य गावांची नावे याच शब्दाने सुरू होतात. लानदुइन म्हणजे दुइनचे, अर्थात दुइनवेनचे, लान. वेल्सच्या वायव्येकडील अँगलसी बेटावर दुइनवेनची बहीण कैनवेन आणि भाऊ दिवनान यांच्या नावांचीही गावे आहेत, त्यामुळे ही भावंडे एकत्रच उत्तरेकडे आली असावीत, अशी समजूत आहे.

दुइनवेनची आख्यायिका थोड्याफार फरकाने अनेक प्रकारे सांगितली जाते. सर्वांत प्रचलित कथेनुसार तिचे माइलोन दाव्होद्रिल नावाच्या तरुणावर प्रेम होते. एका रूपात वडिलांनी तिचे लग्न दुसऱ्याशी ठरवलेले असल्याने ती त्याला नकार देते; दुसऱ्या, अधिक कठोर रूपात माइलोन लग्नाआधीच तिच्याशी संग करू पाहतो आणि ती त्याला झिडकारते. तो रागाने निघून जातो. दुःखाने पोळलेली दुइनवेन या प्रेमातून सोडवण्याची देवाला विनवणी करते. तिला झोप लागते, आणि झोपेत तिला एक गोड पेय पाजले जाते. त्या पेयाने तिच्या मनातली तळमळ शमते. पण तेच पेय माइलोनलाही मिळते आणि त्याचा बर्फाचा पुतळा होतो. मग देव तिला तीन वर देतो. पहिल्या वराने ती माइलोनला पुन्हा माणसात आणते. दुसऱ्या वराने ती मागते की, खऱ्या मनाच्या सर्व प्रेमिकांसाठी आपण देवाकडे घातलेले साकडे ऐकले जावे, म्हणजे त्यांना एक तर आपले माणूस मिळेल किंवा त्या प्रेमाच्या वेदनेतून ते बरे तरी होतील. तिसऱ्या वराने ती आपल्याला लग्नाची इच्छाच कधी होऊ नये असे मागते आणि पुढचे आयुष्य समुद्रकाठी एकांतात प्रार्थनेत घालवते.

आजच्या संक्षिप्त कथनांत दुसऱ्या वराचा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो आणि ‘देवाने प्रेमिकांची काळजी घ्यावी’ एवढेच उरते. हे नुकसान मोठे आहे. जमलेल्या जोडप्यांच्या पाठीशी उभे राहणारे संत आणि दैवते पुष्कळ आहेत. ज्यांचे जमले नाही त्यांचीही नावानिशी सोय लावणारी दुइनवेन त्यांत वेगळी उठून दिसते. पहिला वर तिने ज्याच्यामुळे दुखावली गेली त्याच्यासाठीच खर्च केला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

ही कथा नेमकी किती जुनी, हा मात्र अवघड प्रश्न आहे. माइलोनची कथा आपल्यापर्यंत पोचते ती एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६) यांच्या कागदपत्रांतून. दगडकाम करून पोट भरणारा हा विलक्षण माणूस ‘योलो मोर्गानुग’ या नावाने कवी आणि जुन्या हस्तलिखितांचा संग्राहक म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने सिद्ध केलेला त्याच्या कागदपत्रांचा संग्रह १८४८ साली छापला गेला आणि त्यात दुइनवेनची कथा आली. योलोने खरी हस्तलिखिते जतन केली आणि त्यांत स्वतः रचलेला मजकूर जुना म्हणून मिसळलाही, हे विसाव्या शतकातील संशोधनाने दाखवून दिले आहे. त्यामुळे माइलोनच्या कथेतील किती भाग लोकपरंपरेतून आला आणि किती योलोच्या लेखणीतून, हे वेगळे काढणे कठीण आहे. कथेचा उगम संशयास्पद असला, तरी दुइनवेनची भक्ती मात्र योलोच्या कितीतरी शतके आधीची आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा चौदाव्या शतकातील दाविद अप ग्विलिम या वेल्श भाषेतील थोर कवीच्या एका कवितेत मिळतो. तो थेट दुइनवेनला साद घालतो आणि मोर्विद या आपल्या प्रेयसीकडे निरोप घेऊन जाण्याची गळ घालतो. वेल्श काव्यात वारा, पक्षी किंवा हरीण यांच्याकरवी प्रेयसीला निरोप धाडण्याचा एक रूढ प्रकार आहे आणि त्या दूताला ‘लाताय’ म्हणतात. मेघाला दूत करणारी काव्यपरंपरा मराठी वाचकाच्या ओळखीची असल्याने ही कल्पना त्याला परकी वाटणार नाही. दाविदने मात्र हे काम एका संतिणीवर सोपवले, तेही मोर्विद दुसऱ्याची लग्नाची बायको असताना. हे काम केल्याने तुझे स्वर्गातले स्थान काही जाणार नाही, अशी तिची समजूतही तो घालतो. या कवितेत दुइनवेनच्या सोनेरी मूर्तीचा आणि तिच्यापाशी जागरण करणारे दुःखी, आजारी लोक बरे होत असल्याचा उल्लेख आहे, माइलोनचा नाही. म्हणजे प्रेमाच्या कामात दुइनवेनला हाक मारण्याची रीत त्या काळी रुजलेली होती आणि तिच्या देवळात यात्रेकरू येत होते, एवढे निश्चित म्हणता येते. आजारी गुराढोरांसाठीही तिच्याकडे गाऱ्हाणे घातले जाई.

यात्रेकरू जात ते लानदुइनला. अँगलसीच्या नैर्ऋत्य टोकाशी, न्यूबरो गावाजवळ, समुद्रात शिरलेली ही खडकाळ जिभेसारखी जमीन मोठ्या भरतीच्या वेळी बेट होते आणि एरवी पुळणीवरून चालत गाठता येते. लानदुइन या नावातील पहिले अक्षर मराठीत नीट लिहिता येत नाही: जीभ ‘ल’ म्हणताना असते तशी टाळूला लावून आवाज न काढता बाजूंनी नुसता श्वास सोडला, की तो वेल्श वर्ण उमटतो.

बेटावर दुइनवेनची विहीर होती आणि तिच्यात पवित्र वाम मासे राहतात, असा समज होता. आपला प्रियकर एकनिष्ठ आहे की नाही हे जाणू पाहणारी मुलगी पाण्यावर पावाचा चुरा टाकी आणि त्यावर आपला हातरुमाल अलगद पसरी. मग काठावर बसून वाट पाहायची. तळातून वाम वर आला आणि त्याने रुमाल हलवला, तर प्रियकर खरा. पाणी उकळल्यासारखे बुडबुडले तर तोही शुभशकुन समजला जाई. ही विहीर आज नेमकी कोणती, याबद्दल स्थानिक पातळीवरही एकमत नाही. दुइनवेनच्या अखेरच्या दिवसाची एक कथा बेटाच्या काठच्या खडकाशी जोडलेली आहे: मरणापूर्वी मावळता सूर्य पाहण्याची इच्छा झाल्याने तिला उचलून बाहेर नेले, आणि ती ज्या खडकाच्या आडोशाला निजली होती तो दुभंगून तिच्यासमोर समुद्र खुला झाला.

यात्रेकरूंच्या दानामुळे लानदुइनचे चर्च मध्ययुगाच्या उत्तरार्धात संपन्न झाले आणि तेथील उत्पन्न जवळच्या बँगर शहरातील कॅथेड्रलशी जोडलेल्या धर्माधिकाऱ्याकडे जाई. आज दिसणारे भग्नावशेष सोळाव्या शतकाच्या सुमारास बांधलेल्या इमारतीचे आहेत. १५३४ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंड व वेल्समध्ये यात्रा, मूर्ती आणि नवस यांवर गदा आली. दान आटले, देऊळ ओस पडले आणि त्याचे दगड-लाकूड हळूहळू नाहीसे झाले. याच किनाऱ्यावर चौदाव्या शतकापासून वादळांनी वाळूचे डोंगर आणून शेते गाडली होती. न्यूबरोच्या लोकांनी पुढे वाळू धरून ठेवणाऱ्या गवतापासून चटया आणि दोर विणण्याचा धंदा उभा केला, तो विसाव्या शतकापर्यंत चालला. एकोणिसाव्या शतकात बेटाचे महत्त्व धार्मिक न राहता नौकानयनाचे झाले. पाटीच्या दगडाची ने-आण करणाऱ्या जहाजांसाठी १८४५ साली ‘तूर माउर’, म्हणजे मोठा बुरूज, हे दीपगृह बांधले गेले. अँगलसीतील पवनचक्क्यांच्या घडणीचा हा पांढरा, वर निमुळता होत गेलेला बुरूज, जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या चार खोल्यांची चाळवजा रांग आणि दुइनवेनच्या स्मरणार्थ उभारलेले क्रूस आजही तिथे आहेत. पायाखालचे खडक पन्नास कोटी वर्षांहून जुने असून, समुद्राच्या पाण्यात ओतला जाऊन उशांसारखा गोलसर थिजलेला लाव्हा त्यांत उघड दिसतो.

यात्रा थांबल्यानंतर दुइनवेनचे नाव पंचांगात आणि कवितेत उरले. सण असा राहिला नव्हता. आज जो सण दिसतो तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे आणि त्याचा संबंध प्रेमाइतकाच भाषेशी आहे. १९६२ साली लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरील भाषणात वेल्श भाषा मरणपंथाला लागल्याचा इशारा दिला आणि त्याच वर्षी वेल्श भाषा संघटनेची स्थापना झाली. त्याच दशकात बँगरमधील एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले की व्हॅलेंटाइनची इंग्रजी शुभेच्छापत्रे सर्वत्र मिळतात, पण आपल्या भाषेत प्रेम व्यक्त करणारे एकही पत्र मिळत नाही. तिने दुइनवेन दिनासाठी चार शुभेच्छापत्रे तयार करून घेतली. इतक्या लहान गोष्टीतून सण पुन्हा उभा राहिला, आणि शाळा, दुकाने व वेल्श माध्यमांनी तो पुढे नेला. २००३ साली वेल्श भाषा मंडळाने एका मोठ्या दुकानसाखळीच्या मदतीने ५०,००० शुभेच्छापत्रे मोफत वाटली. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये सुमारे ५,३८,००० लोकांना, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या १७.८ टक्के लोकांना, वेल्श बोलता येते. अशा भाषेत ‘कारियाद’ हा शब्द, ज्याचा अर्थ प्रेमही होतो आणि लाडाने मारलेली हाकही, दुकानातल्या छापील कागदावर दिसणे ही साधी बाब नव्हे. इंग्रजीत बोलणारी वेल्श माणसेही हा शब्द सर्रास वापरतात.

या दिवशी दिल्या जाणाऱ्या भेटींमध्ये ‘लुय गारी’, म्हणजे प्रेमाचा चमचा, सर्वांत वेल्श म्हणावा असा आहे, जरी त्याचा इतिहास दुइनवेनहून स्वतंत्र आहे. खेड्यातला तरुण हिवाळ्याच्या रात्री चुलीपाशी बसून एकाच लाकडातून असा चमचा कोरी आणि आवडत्या मुलीला देई; तिने तो घेतला तर पुढचे बोलणे होई. ठेवणीतल्या चमच्यांपैकी कार्डिफजवळील सेंट फेगन्स येथील राष्ट्रीय संग्रहालयात १६६७ सालचा एक आहे. दांड्यावरचे बदाम म्हणजे प्रेम, चाक म्हणजे तुझ्यासाठी कष्ट करीन ही हमी, कुलूप-किल्ली म्हणजे घर. सर्वांत कठीण काम असते ते लाकडी पिंजऱ्यातले गोळे: दांड्याच्या आतच चाकूच्या टोकाने भोवतालचे लाकूड काढत काढत गोळा सुटा करायचा, तो बाहेर पडता कामा नये आणि हलवल्यावर खडखडला पाहिजे. गोळे जितके, तितकी मुले हवीत, असा त्याचा अर्थ सांगतात. साखळीच्या कड्याही जोड न देता याच पद्धतीने अखंड लाकडातून काढतात. आता बहुतेक चमचे कारागिरांकडून विकत घेतले जातात; तरी त्यांवर दोन नावे आणि २५ जानेवारी ही तारीख मागणीनुसार कोरून मिळते.