क्रिप्टो एक्स्चेंजचं लायसन: साऊथ आफ्रिकेत काय लागतं आणि नायजेरियात काय लागतं

आधी हे बघून घ्या की तुम्हाला लायसन लागतं का. स्वतःच्या पैशाने कॉइन घेऊन ठेवणाऱ्याला दोन्हीकडे लागत नाही, दुसऱ्यांसाठी खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला लागतं.

साऊथ आफ्रिकेत एफएससीए या आर्थिक सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने १९ ऑक्टोबर २०२२ ला क्रिप्टोला फायनान्शियल प्रॉडक्ट ठरवलं, म्हणजे विमा सल्लागाराला जे लायसन काढावं लागतं तेच इथे लागू झालं. मायनिंगवाले (कॉम्प्युटर लावून नवे कॉइन मिळवणारे), नोड चालवणारे (नेटवर्कमधले कॉम्प्युटर सांभाळणारे) आणि एनएफटीवाले (डिजिटल वस्तूंच्या मालकीचे टोकन विकणारे) यातून सुटलेत. चालू धंद्यांना १ जून ते ३० नोव्हेंबर २०२३ अशी मुदत होती, आता नव्या माणसाने लायसन हातात आल्याशिवाय एकही ग्राहक घ्यायचा नाही. इथे खरी तपासणी होते ती माणसाची. ‘की इंडिव्हिज्युअल’ म्हणजे धंद्याचा जबाबदार माणूस म्हणून जो दाखवाल त्याचं शिक्षण, त्याच कामाचा अनुभव, आधी कुठे फसवणुकीत नाव आलंय का, सगळं बघतात, त्यामुळे नुसता सही करायला भाऊ नाहीतर मेहुणा उभा केला तर अर्ज तिथेच अडकतो. शिवाय एफआयसीकडे, म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी आणि मनी लाँडरिंग रोखण्याचा लेखी प्रोग्राम लागतो, तो दुसऱ्याचा कॉपी-पेस्ट करू नका, तुमचे ग्राहक कोण आणि धोका कुठे हे त्यात दिसलं पाहिजे.

नायजेरियात आधी भांडवल विचारतात. एसईसीच्या (तिथलं सिक्युरिटीज कमिशन, आपल्या सेबीसारखं) २०२२ च्या नियमात एक्स्चेंजसाठी ५० कोटी नायरा पेड-अप कॅपिटल, म्हणजे प्रत्यक्ष भरलेलं भांडवल, होतं, ते पुढे वाढवलंय, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा कमिशनकडूनच घ्या. भांडवलाच्या २५ टक्क्यांचा फिडेलिटी बाँड (आपल्याच माणसांनी अफरातफर केली तर भरपाईची हमी) वेगळा. कंपनी नोंदणीचा दाखला, देशात खरंखुरं ऑफिस आणि सीईओ किंवा एमडी तिथेच राहणारा पाहिजे, मुंबईत किंवा दुबईत बसून चालवायचा विचार असेल तर तो सोडा. जून २०२४ पासून एआरआयपी नावाची एसईसीची वाट आहे, त्यात पूर्ण नोंदणी होईपर्यंत देखरेखीखाली जास्तीत जास्त वर्षभर काम करता येतं, आणि ऑगस्टमध्ये बुशा आणि क्विडॅक्स या एक्स्चेंजांना पहिली तात्पुरती मंजुरी मिळाली ती याच काळात.

बँकेचं मात्र नीट समजून घ्या. नायजेरियाच्या सेंट्रल बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोची खाती बंद करायला लावली होती, डिसेंबर २०२३ मध्ये दार उघडलं पण अटी घालून, एसईसीचा कागद आणि डायरेक्टरांचे बीव्हीएन (तिथल्या बँक ग्राहकांची ओळख पटवणारे) नंबर दिल्याशिवाय खातं उघडत नाही आणि उघडलं तरी त्यातून रोख काढता येत नाही.