स्विच ११०, ऑर्डर ३७०

नाशिकच्या अंबडला माझ्या एका मित्राचा प्रेस शॉप आहे, म्हणजे धातूचा पत्रा दाबून सुटे भाग काढायचा छोटा कारखाना. घरातल्या स्विचच्या पोटात तारा जोडायला असतात ती पितळी टर्मिनल तो काढतो. परवा गेलो तर शेडच्या कोपऱ्यात गोण्यांची थप्पी. एक गोणी सोडून पाहिली, पितळ पार काळवंडलेलं. दिवाळीआधी स्विचच्या कंपनीकडून येणारं मागणीचं शेड्यूल अचानक जवळजवळ चौपट झालं, म्हणून याने दोन पाळ्या चालवल्या. आणि मग उठावच थांबला. कुणा वास्तुवाल्याने सांगितलं, जड माल नैऋत्येला ठेवा. ठेवला. डेड स्टॉक आता नैऋत्येला आहे, एवढाच फरक.

"बाजार बसला," मित्र म्हणाला. येताना रविवार कारंजावर ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, स्विच खपत नाहीत का हल्ली? "रोजचे जातात तेवढे जातातच की."

मग चौपट मागणी आली कुठून आणि गेली कुठे? ती कधी नव्हतीच. कागद-पेन्सिल घ्या, तिसरीतलं गणित आहे.

साखळी अशी: गिऱ्हाईक, दुकानदार, वितरक, स्विचची कंपनी आणि शेवटी अंबडचा मित्र. आठवड्याला १०० स्विच खपतात, एका स्विचला एक टर्मिनल धरू. प्रत्येकाचा नियम एकच आणि अगदी शहाणपणाचा: दोन आठवड्यांचा माल हाताशी हवा, म्हणजे २००. ऑर्डर दिली की माल लगेच मिळतो, असंही मानू.

एका आठवड्यात ११० स्विच गेले. दुकानदाराकडे ९० उरले. आता त्याला हाताशी २२० हवेत, म्हणून तो १३० मागवतो. वितरकाला दिसतात ते हे १३०. त्याच्याकडे ७० उरले, हवेत २६०. तो १९० मागवतो. कंपनीकडे १० उरले, हवेत ३८०. अंबडला ऑर्डर येते ३७०ची.

पुढच्या आठवड्यातही गिऱ्हाईक ११०च नेतं. दुकानदार ११० मागवतो. वितरकाकडे २६० होते, ११० गेले, १५० उरले. २२० पुरेत, म्हणून तो मागवतो फक्त ७०. कंपनीकडे ३८०तले ३१० शिल्लक, हवेत १४०. अंबडला ऑर्डर शून्य.

गिऱ्हाइकाच्या हातात ११०, ११०. मित्राच्या हातात ३७०, ०. यात कुणीही चूक केलेली नाही, आणि म्हणूनच मला हे गणित फार आवडतं.

सूत्रात लिहायचं तर: ऑर्डर = म + क × (म − मागची म). म म्हणजे मागणी, क म्हणजे किती आठवड्यांचा साठा. पायरीगणिक बदल (१ + क) पट होतो. आपला क दोन, म्हणून १०चे ३०, ३०चे ९०, ९०चे २७०. कॅल्क्युलस आठवत असेल त्यांच्या लक्षात येईल की कंसातला भाग मागणीच्या बदलाचा वेग मोजतो, म्हणजे साखळीची प्रत्येक कडी एक डेरिव्हेटिव्ह घेते. त्यामुळे संथ चढउतार फारसे वाढत नाहीत, झटके मात्र फुगतात. माल पोचायला वेळ लागला की हेलकावे आणखी लांबतात.

हे प्रथम नीट मांडलं एमआयटीच्या जे फॉरेस्टरने, १९५८ साली. मूळचा विद्युत अभियंता, संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर काम केलेला. अशा माणसाला कारखान्यात फीडबॅक, म्हणजे परिणाम उलटून कारणालाच ढकलतो तो प्रकार, दिसला नसता तरच नवल. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरमध्ये हेच आढळलं. बाळं काही दिवाळीत जास्त आणि पितृपक्षात कमी ओली होत नाहीत, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र उड्या मारत होत्या. तिथून नाव पडलं बुलव्हिप. आपण आसूड म्हणू: मनगट चार बोटं हलतं, टोक हवेत कडाडतं. अंबड, सातपूर, सिन्नरची लहान वर्कशॉपं बहुतेक या टोकाला बसलेली.

(कांद्याचा मोह होतो, पण लासलगावची गोष्ट निराळी. तिथे हेलकावे येतात ते लावणी ते काढणीत जाणाऱ्या महिन्यांमुळे.)

एआय पुढच्या महिन्याची मागणी सांगेल, असं म्हणत सॉफ्टवेअर विकणारे मित्राकडेही येऊन गेले. पण त्या एआयला खायला घालणार काय? ३७०, ०? फुगलेल्या आकड्यांतून अंदाजही फुगलेलाच निघणार. दुकानातला ११० थेट अंबडला कळला, तर साधी वही पुरते. कंपनी तो आकडा देईल का, हा भाग वेगळा.

दुसरा उपाय मात्र मित्राच्या शेडमध्येच आहे. टोयोटाच्या ताइची ओनोने अमेरिकी सुपरमार्केटवरून कल्पना उचलली: फळीवरून जेवढं गेलं तेवढंच पुन्हा भरायचं. पण ते जमायला लॉट, म्हणजे एका वेळी काढायचा माल, लहान हवा आणि लॉट लहान व्हायला डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, पटकन बदलता यायला हवा. डाय बदलायला अर्धी पाळी जात असेल तर कोण दोनशे तुकड्यांसाठी प्रेस थांबवेल?

परवा आम्ही घड्याळ लावून बसलो. डाय उतरवून दुसरा चढायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यातली पन्नास मिनिटं क्लॅम्पचे बोल्ट शोधण्यात गेली. सापडले नैऋत्येला, गोण्यांच्या मागे.