लेकराला काय पाहिजे, हे विचारण्याची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात किंवा तिथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात सलाईन लावलेल्या लेकराला बाहेरच्या माणसानं विचारलं, "बाळा, तुला काय पाहिजे?", की आईचा चेहरा उतरतो. विचारतात ती शेवटची इच्छा, हेच आपल्या डोक्यात बसलंय. ही भीती समजण्यासारखी आहे, कारण आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करण्याच्या या कामाची सुरुवात खरोखरच तशी झाली होती.

१९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या बिल सॅम्पल नावाच्या पोलिसानं आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणारी 'सनशाइन फाउंडेशन' काढली. पण हे काम जगभर पोचलं ते १९८० नंतर. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात ख्रिस ग्रेशियस हा सात वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं आजारी होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. २९ एप्रिल १९८० ला राज्याच्या पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, बिल्ला दिला, त्याच्या मापाची वर्दी शिवून घेतली. घरासमोर शंकू मांडून त्याच्या छोट्या बॅटरीच्या मोटारसायकलवर त्याची रीतसर परीक्षासुद्धा घेतली. ३ मे रोजी तो गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'मेक-अ-विश' संस्था उभी राहिली आणि २९ एप्रिल हा आज जागतिक इच्छा दिन म्हणून पाळला जातो.

मग ही इच्छा शेवटची राहिली नाही, ती कशी? त्याचं श्रेय औषधाला आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधानं काही काळ तरी उतार पडतो, हे सिडनी फार्बर या डॉक्टरांनी १९४८ मध्ये दाखवलं. १९६०च्या दशकातही या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात दहातलं जेमतेम एक लेकरू वाचायचं. आज श्रीमंत देशांत जवळजवळ नऊ वाचतात. मात्र उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. म्हणजे प्रश्न मरणाचा कमी आणि त्या लांबलचक काळात टिकून राहण्याचा जास्त झाला. 'मेक-अ-विश'चा निकषही आता गंभीर आजार एवढाच आहे. मूल मरणाच्या दारात असावं लागत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात इच्छा पुरी झालेल्या ४९६ मुलांची तशाच आजाराच्या ४९६ मुलांशी तुलना करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. इच्छा पुरी झालेल्यांना अचानक दाखल करावं लागण्याची शक्यता कमी दिसली. ही मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळं सगळं श्रेय इच्छेला देता येत नाही. पण इस्रायलमध्ये पाच ते बारा वर्षांच्या कर्करुग्ण मुलांची तशी निवड करून अभ्यास झाला, आणि तिथंही इच्छा पुरी झालेल्या मुलांची आशा वाढली, उदासी आणि धास्ती कमी झाली. मला यात नवल वाटत नाही. सुई कधी, डोस कधी, बाहेरचं खायचं नाही, केस गेले तरी रडायचं नाही, सगळं दुसरेच ठरवतात. त्यात एक गोष्ट लेकराच्या मनासारखी होणार असते, आणि तिची वाट बघणं हाही उपचाराला लागलेला हातभारच असतो.

भारतात 'मेक-अ-विश'चं काम १९९६ मध्ये मुंबईत उदय आणि गीता जोशी यांनी सुरू केलं. अमेरिकेत त्यांच्या आजारी मुलाची इच्छा पुरी झाली होती. पुढं तो गेला. मराठवाड्यातल्या कुटुंबांची गाठ या कामाशी बहुधा गावाबाहेरच पडते, देवगिरी एक्सप्रेसनं परळच्या टाटात गेल्यावर, नाहीतर नांदेड-लातूरकडून हैदराबादला. तिथं ऑक्टोबर २०१४ मध्ये दहा वर्षांचा एक आजारी मुलगा एक दिवसाचा पोलीस आयुक्त झाला होता.

आपल्याकडं दुखण्यात नवस बोलतात. "आई तुळजाभवानी, बरं होऊ दे, पायी घेऊन येते," असं आई बोलते. त्या नवसात माया ओतप्रोत असते, पण लेकराला मात्र कुणी विचारलेलं नसतं. म्हणून संस्थेचे स्वयंसेवक शक्यतो मुलाशी वेगळं बसून बोलतात. आईबाप समोर असले की तेच उत्तर देतात, "मोबाईल द्या त्याला." बीडकडच्या ऊसतोड घरातल्या लेकराला तर मुकादमाची उचल फिटली नाही हे पाठ असतं. ते बापाच्या तोंडाकडं बघतं आणि दप्तर मागतं. मनात सायकल असते, किंवा विमानात बसायचं असतं. अशा लेकराजवळ दोनदा-तीनदा बसावं लागतं, घाई न करता.

तीन ते अठरा वयातल्या मुलांसाठी ही सोय आहे आणि डॉक्टरांची संमती लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्गाच्या भीतीनं गर्दीत नेता येत नाही, म्हणून तारीख डोस बघूनच ठरते आणि त्यात महिने जातात. तेव्हा उपचार सुरू झाले की लगेच डॉक्टरांपाशी किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांपाशी विषय काढा. प्रकृती बिघडायची वाट बघू नका.